विजेचे बिल आणि बँकेचे कर्ज

विजेचे बिल कोणालाच आवडत नाही. पण दुकानदाराला ते जास्त टोचते. घरच्या मीटरचा दर वेगळा, दुकानाच्या मीटरचा वेगळा. तोच पंखा घरात फिरवला तर पैसे कमी लागतात, गाळ्यात फिरवला तर जास्त. निलंग्याच्या बाजारात कोणत्याही खानावळवाल्याला विचारा. तेलाचा भाव, तांदळाचा भाव आणि विजेचे बिल, या तिन्हींची तक्रार तो एका दमात सांगेल.

अशा माणसाकडे अलीकडे सोलर विकणारे येतात. हातात रंगीत कागद असतो. तोंडात साखर असते. "छतावर सोलर बसवा. बिल शून्य. सरकार सबसिडी देतं, बँक कर्ज देते. तुम्ही फक्त सही करा." ऐकायला हे गोड लागते. यात काही खरे असते, काही अर्धेच खरे असते.

वीज वाचवायला आणि सूर्याची वीज तयार करायला बँका कर्ज देतात, हे खरे आहे. पण असे कर्ज प्रत्येक कामाला मिळत नाही. आणि मिळाले म्हणजे ते परवडलेच, असेही नाही. आपल्या इमारतीचे काम या कर्जात बसते का, आणि बसले तर हप्ता झेपेल का, हे सही करण्याआधी आपले आपल्याला पाहता आले पाहिजे. त्यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. गुणाकार यावा लागतो, आणि बारा महिन्यांची बिले जपून ठेवलेली असावी लागतात.

आधी बिल वाचा

महावितरणचे बिल हातात घ्या. बहुतेक लोक त्यातला एकच आकडा पाहतात, भरायची रक्कम. आपण जरा वर पाहू.

बिलावर 'दर संकेत' असे लिहिलेले असते. मीटर घरगुती आहे, व्यापारी आहे की कारखान्याचे, हे त्यावरून कळते. जवळच 'मंजूर भार' लिहिलेला असतो. एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे, तो हा आकडा. 'एकूण वापर' म्हणजे या महिन्यात जळालेली युनिटे. मागच्या महिन्यांचा वापरही बिलावर छापलेला असतो. तो फार कामाचा आहे.

पैशांच्या बाजूला 'स्थिर आकार' असतो. एकही दिवा लावला नाही तरी तो भरावा लागतो. 'वीज आकार' आणि 'वहन आकार' हे मात्र युनिटांवर असतात. युनिटे कमी झाली की हे दोन कमी होतात. स्थिर आकार तसाच राहतो. म्हणून "बिल शून्य" असे कोणी म्हणाला, तर त्याला स्थिर आकाराच्या ओळीवर बोट ठेवून दाखवा. तो काय उत्तर देतो ते ऐका.

युनिट म्हणजे काय? १,००० वॅटचे यंत्र एक तास चालले की १ युनिट वीज लागते. १०० वॅटचा जुना बल्ब दहा तास जळाला तरी १ युनिट. पुढचा सगळा हिशेब एवढ्यावरच चालतो.

आता एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण आम्ही समजण्यासाठी रचले आहे. किमती आणि दरही सोईसाठी धरले आहेत. तुमच्या गावचे, तुमच्या बिलावरचे आकडे घालून तुम्ही तोच हिशेब करा.

समजा, निलंग्यात एकांची दुमजली इमारत आहे. त्यांना आपण आप्पा म्हणू. खाली खानावळ. सकाळी तिथे निलंगा राईस मिळतो आणि गिऱ्हाईक उभे राहून खाते. वर लहानसे लॉज. मागच्या अंगाला आप्पांचे घर. पुढच्या व्यापारी मीटरवर वर्षाला १८,००० युनिटे लागतात. मंजूर भार १० किलोवॅट आहे. एका युनिटला सगळे धरून १२ रुपये पडतात, असे समजू.

आप्पा बँकेत गेले. तिथले बोलणे साधारण असे होईल.

"साहेब, सोलरला कर्ज पाहिजे. वरून सरकारचे ७८,००० रुपये मिळतेत म्हणे."

"बसा आप्पा. बिल आणलंत का?"

"आणलंय की. हे बघा."

"यावर दर संकेत व्यापारी आहे. ते ७८,००० रुपये घरच्या मीटरला असतात. लॉजच्या मीटरला नाहीत."

"मग त्या माणसानं तसं का सांगितलं?"

"त्याला माल विकायचा असतो, आप्पा."

साहेबांचे म्हणणे बरोबर आहे. 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' २०२४ साली सुरू झाली. तिच्यात ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठा संच घराच्या छतावर बसवला, तर ७८,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद केली गेली. ही योजना राहत्या घरांसाठी आहे. दुकान, लॉज, मंगल कार्यालय यांच्या व्यापारी मीटरला ती लागू होत नाही. आप्पांच्या मागच्या घराला वेगळे घरगुती मीटर असेल, तर त्या घरापुरता ते वेगळा अर्ज करू शकतात. दोन्ही गोष्टी एकत्र करू नयेत. शेतातल्या सौर पंपाची योजना आणखी निराळी. तिचा आणि गाळ्याचा काही संबंध नाही.

मग व्यापाऱ्याला काहीच नाही का? तसे नाही. रिझर्व्ह बँकेने काही कामांना 'अग्रक्रम क्षेत्र' ठरवले आहे. व्यापारी बँकांनी आपल्या कर्जातला ४० टक्के वाटा अशा कामांना द्यावा, असा नियम आहे. शेती त्यात आहे. लहान उद्योग त्यात आहे. सूर्य-वाऱ्यापासून वीज तयार करण्याची कामेही आहेत. अशा कामाला एका कर्जदाराला ३५ कोटी रुपयांपर्यंतचे कर्ज या वाट्यात धरता येते, असे एप्रिल २०२५ पासून ठरले. म्हणून बँकेलाही असे कर्ज द्यावेसे वाटते. पण अग्रक्रम याचा अर्थ व्याज कमी, असा नाही. आणि मागेल त्याला मिळेल, असाही नाही. बँक आपले पैसे परत येतील का, हे पाहणारच.

दुसरी वाट कारखान्यांसाठी आहे. लातूर जिल्हा तुरीचा. इथल्या डाळ गिरण्या प्रसिद्ध आहेत. डाळ गिरणीत मोटारी दिवसभर चालतात. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने 'अदिती' नावाची योजना सुरू केली. ती चालवते ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो. पंख्यावर आणि फ्रिजवर ताऱ्यांची चिठ्ठी असते ना? ती याच संस्थेची. अदिती योजनेत कारखान्याने वीज वाचवणारी यंत्रे घेण्यासाठी कर्ज काढले, तर व्याजातला काही भाग सरकार भरते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ५ टक्के, मध्यम उद्योगाला ३ टक्के. बँकेचे व्याज १० टक्के असेल, तर लहान गिरणीवाल्याला ५ टक्केच पडेल. योजना ठरवली आहे ती २०२७-२८ पर्यंत.

पण अटी पाहा. ही योजना १४ प्रकारच्या उद्योगांना आहे. अन्नप्रक्रिया त्यात येते, लॉज येत नाही. पहिल्या टप्प्यात देशातली ६० उद्योग-क्षेत्रे निवडली आहेत. आपले क्षेत्र यादीत आहे का, हे आधी पाहावे लागते. उद्योगाची 'उद्यम' नोंदणी हवी. ही नोंदणी २०२० पासून सुरू आहे आणि तिला एक पैसाही पडत नाही. तिच्यासाठी हजार-पाचशे मागणारे भेटतात. त्यांना देऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे नव्या यंत्राने निदान १० टक्के ऊर्जा वाचली पाहिजे. वर्षाला २,००,००० युनिटे जाळणाऱ्या गिरणीने २०,००० युनिटे वाचवून दाखवली पाहिजेत. नुसते सांगून चालत नाही. काम करण्याआधी जाणकार तपासनीस येऊन मोजतो, आणि काम झाल्यावर पुन्हा मोजणी होते. या तपासणीला एनर्जी ऑडिट म्हणतात. डॉक्टर औषध देण्याआधी नाडी पाहतो, तसेच हे.

या मोजणीतच सगळे मर्म आहे. बँकेचा कागद कोणताही असो, योजना कोणतीही असो, प्रश्न एकच विचारला जातो: या कामाने किती युनिटे वाचतील, आणि ते कशावरून? ज्या कामाला याचे उत्तर नाही, ते काम या कर्जात बसत नाही. लॉजला नवा रंग दिला, फरशी बदलली, दर्शनी भागाला काचा लावल्या, तर इमारत चांगली दिसेल. गिऱ्हाईकही वाढेल. पण तो खर्च वीज बचतीचा नव्हे. काही लोक सोलरच्या अंदाजपत्रकात फर्निचरही घुसवतात. बँकेच्या नजरेतून ते सुटत नाही, आणि एकदा संशय आला की सगळा अर्ज मागे पडतो.

किती तास चालते, ते पाहा

आप्पांच्या इमारतीत २० जुन्या ट्यूबलाइट आहेत. चोकसकट प्रत्येक ५० वॅट खाते. रोज १० तास जळतात. म्हणजे रोज १० युनिटे. त्यांच्या जागी २० वॅटच्या एलईडी पट्ट्या लावल्या तर रोज ४ युनिटे लागतील. रोजची ६ वाचली. वर्षातले ३६० दिवस धरले, तर २,१६० युनिटे.

पंखे १५ आहेत. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो. नवा, बीएलडीसी मोटारीचा पंखा सुमारे ३० वॅटवर तेवढाच वारा देतो. रोज १२ तास आणि वर्षातले उकाड्याचे २४० दिवस धरू. बचत होते १,९४४ युनिटे.

दोन्ही मिळून झाली सुमारे ४,१०० युनिटे. १२ रुपयांच्या भावाने ४९,२०० रुपये. खर्च किती? ट्यूबच्या पट्ट्या बसवून ५,००० रुपये. पंखे ३,००० रुपयांप्रमाणे ४५,००० रुपये. एकूण ५०,०००. म्हणजे वर्षभरात खर्च निघून आला! अशा कामाला कर्जाच्या मागे कशाला लागायचे? दर महिन्याला दोन-तीन पंखे बदलत गेले, तरी सहा-सात महिन्यांत काम होईल.

आता हेच पंखे एका मंगल कार्यालयात लावू. तिथे पंखे ४० आहेत. पण वर्षात लग्नतिथी किती? समजा ४० दिवस कार्यालय लागले, आणि दर वेळी १० तास पंखे फिरले. म्हणजे वर्षाला ४०० तास. एका पंख्यामागे ४५ वॅट वाचले, तर ४० पंख्यांची वर्षाची बचत ७२० युनिटे. पैशात ८,६४० रुपये. आणि पंख्यांचा खर्च १,२०,००० रुपये. तो भरून यायला चौदा वर्षे लागतील! तोवर पंखेच राहतील की नाही कोण जाणे.

पंखा तोच, किंमत तीच. आप्पांच्या लॉजमध्ये वर्षभरात पैसे फिटतात, कार्यालयात चौदा वर्षे लागतात. म्हणून शेजाऱ्याने केले म्हणून आपण करू नये. ज्या वस्तूचे तास जास्त, ती आधी बदलावी.

मग येते सोलर. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ऊन भरपूर. १ किलोवॅटच्या सोलर पॅनेलमधून वर्षाला सुमारे १,४०० युनिटे मिळतात. आप्पांनी आधीच्या वापरावर सोलर घ्यायचे ठरवले, तर १८,००० युनिटांना १३ किलोवॅट लागेल. १ किलोवॅटला ५५,००० रुपये धरले, तर ७,१५,००० रुपये झाले. पण आधी दिवे-पंखे बदलले, तर वापर उरतो १३,९०० युनिटे. त्याला १० किलोवॅट पुरते. खर्च ५,५०,०००. म्हणजे ५०,००० रुपयांच्या दिव्या-पंख्यांनी सोलरचे १,६५,००० रुपये वाचवले. शिवाय महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे नेट मीटरचे सोलर मंजूर भारापेक्षा मोठे बसवता येत नाही. १३ किलोवॅटसाठी आप्पांना आधी भार वाढवून घ्यावा लागला असता. भार वाढला की स्थिर आकारही वाढू शकतो.

विकणारा हा क्रम सहसा सांगत नाही. सोलर जितके मोठे, तितका त्याचा फायदा. आम्ही त्याला दोष देत नाही. त्याचा तो धंदा आहे. पण आपला हिशेब आपण करावा.

हप्ता आणि बचत

आता कर्ज. ५,५०,००० रुपयांपैकी पाचवा हिस्सा, म्हणजे १,१०,००० रुपये, आप्पांनी घालायचे. बँकेने ४,४०,००० द्यायचे. व्याज १० टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,३५० रुपये येतो.

बचत किती? १० किलोवॅटमधून १४,००० युनिटे मिळतील, असे कागदावर दिसते. आम्ही सांगतो, कागदावरचे सगळे धरू नका. पॅनेलवर धूळ बसते. पावसाळ्यात ढग असतात. वीज गेली की तेवढा वेळ काम बंद. म्हणून ११,०००च युनिटे धरू. त्याचे वर्षाला १,३२,००० रुपये, महिन्याला ११,००० झाले. हप्ता ९,३५०. म्हणजे बचतीतून हप्ता भागून १,६५० रुपये उरतात. हे काम बसले. पण विकणाऱ्याने मुदत तीनच वर्षे सांगितली असती, तर हप्ता १४,००० च्या वर गेला असता. मग दर महिन्याला खानावळीच्या गल्ल्यातून तीन हजार भरावे लागले असते. काम तेच, सोलर तेच. मुदतीमुळे न परवडणारे झाले असते.

"वीज गेली की काम बंद" असे आम्ही वर म्हटले. ते वाचून काहींना नवल वाटेल. छतावर ऊन आहे, पॅनेल आहे, मग वीज का नाही? त्याचे कारण असे. असे सोलर महावितरणच्या तारेला जोडलेले असते. तारेतली वीज गेली की यंत्र आपोआप थांबते. तसे केले नसते, तर आपली वीज बाहेरच्या तारेत गेली असती. त्या वेळी लाईनमन खांबावर चढलेला असू शकतो. त्याच्या जिवासाठी ही सोय आहे. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील, तर बॅटरी आणि त्याला चालणारे यंत्र लागते. त्याचा खर्च वेगळा. बॅटरीने वीज वाचत नाही. तिचा खर्च बचतीत धरू नये.

आणखी एक गोष्ट. दिवसा जास्तीची वीज तारेत जाते, रात्री आपण ती परत घेतो. दोन्ही मोजणाऱ्या मीटरला नेट मीटर म्हणतात. पण दिवसाची वीज रात्रीच्या वापरात पूर्ण वळती होते का, आणि वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना काय भाव मिळतो, हे ग्राहकाच्या प्रकारावर आणि वीज नियामक आयोगाच्या चालू नियमावर ठरते. हे नियम बदलत असतात. लॉजमध्ये रात्रीचा वापर जास्त असतो. म्हणून आप्पांनी हे महावितरणच्या कचेरीत विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. दिवसा चालणाऱ्या पिठाच्या गिरणीला ही काळजी कमी.

छताचाही विचार करायचा आहे. १० किलोवॅटला सुमारे १,००० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. शेजारी मजला चढला आणि सावली पडली, तर वीज कमी होते. आपल्या भागात छताविषयी जास्त बोलायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. निलंगा, औसा, उमरगा तालुक्यांनी तो भोगला. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद, त्याखाली हजारो माणसे गेली. पॅनेल आणि लोखंडी सांगाडा यांचे वजन एका चौरस मीटरला १५ किलोच्या आसपास. ते फार नाही. पण जुन्या माळवदावर किंवा गंजलेल्या पत्र्यावर ते चढवू नये. वजनापेक्षाही वाऱ्याची भीती मोठी. वळवाच्या पावसात वारा पॅनेलखाली शिरतो आणि शिडासारखे उचलू पाहतो. सांगाडा स्लॅबला नीट बांधलेला हवा. स्लॅब चांगला आहे असा इंजिनिअरचा दाखला घ्यावा. बँक मागो वा न मागो, आपल्यासाठी घ्यावा.

आणि पॅनेल पुसायला पाणी लागते. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तेव्हा पाण्याचा अंदाज आधीच करावा. पहाटे, पॅनेल थंड असताना, ओल्या फडक्याने पुसले तर थोड्या पाण्यात भागते. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. काच तडकू शकते.

परदेशातही हेच प्रश्न

अशी फसगत आपल्याच मुलखात होते असे नाही. अमेरिकेत बर्कली नावाचे शहर आहे. तिथे २००८ साली एक नवी रीत निघाली. वीज बचतीसाठी पैसे घ्यायचे आणि ते घरपट्टीबरोबर हप्त्याने फेडायचे. कर्ज माणसाच्या नावावर नाही, इमारतीवर. इमारत विकली तर पुढचा हप्ता नवा मालक भरतो. ही रीत पुष्कळ राज्यांत पसरली. व्यापारी इमारतींना ती चांगली लागू पडली. कनेक्टिकट राज्याने २०१२ साली व्यापारी इमारतींसाठी तसा कायदा केला, आणि एक कसोटी ठेवली: कामाच्या आयुष्यात होणारी बचत ही एकूण खर्चापेक्षा जास्त असली पाहिजे. नसेल तर पैसे नाहीत.

राहत्या घरांच्या बाबतीत मात्र दुसऱ्या ठिकाणी वाईट अनुभव आले. विकणारे दारोदार गेले. म्हाताऱ्या माणसांनी न समजता सह्या केल्या. घरपट्टी एवढी वाढली की घर जाण्याची भीती निर्माण झाली. लॉस एंजेलिस भागाने २०२० साली घरांसाठीची आपली योजना बंद केली. शिकल्या-सवरलेल्या देशातली ही गोष्ट.

कनेक्टिकटची कसोटी आपल्यालाही लावता येते. आप्पांच्या सोलरचा दहा वर्षांचा हिशेब करू. बचत १३,२०,००० रुपये. खर्च असा: स्वतःचे १,१०,०००, साठ हप्ते ५,६१,०००, आणि दुरुस्ती-सफाईला १,००,००० ठेवू. एकूण ७,७१,०००. खर्चाच्या दीडपटीहून जास्त बचत. पॅनेल साधारण २५ वर्षे चालतात, तेव्हा पुढची बचत वेगळीच. मधला इन्व्हर्टर मात्र दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो, हे ध्यानात ठेवा.

कागद आणि सही

बँकेत जाताना बारा महिन्यांची बिले न्या. थकबाकी असेल तर आधी भरा. मीटर कोणाच्या नावावर आहे, ते पाहा. पुष्कळ ठिकाणी मीटर वडिलांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावरच असते. ते आधी आपल्या नावावर करून घ्या. नगरपरिषदेची कर पावती आणि मालमत्तेचा उतारा लागतो. गाळा भाड्याचा असेल, तर मालकाची लेखी संमती लागते. भाडेकरार कर्जाच्या मुदतीपेक्षा लहान असेल, तर मोठे काम करू नये. छत मालकाचे, हप्ता आपला, असे होऊन बसते. अशा वेळी एलईडी आणि पंखे बरे. जागा सोडताना ते काढून नेता येतात.

बसवणाऱ्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. एकाकडून नको, निदान तिघांकडून. त्यात पॅनेलची कंपनी, किती किलोवॅट, वर्षाला किती युनिटे मिळतील आणि बिघडल्यास कोण येणार, हे लिहिलेले असावे. "तोंडी सांगितलं होतं" याला पुढे कोणी विचारत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नका. पैसे थेट त्याच्या हाती न देता बँकेमार्फत, काम होईल तसे द्यावेत. वाचता येत असेल तर कर्जाचा करार घरी आणून वाचावा. अडले तर शाळेतल्या मास्तरांना किंवा शिकलेल्या मुलीला शेजारी बसवावे. त्यात व्याज बदलणारे आहे की तेच राहणारे, हप्ता चुकला तर दंड किती, आणि तारण काय दिले आहे, या तीन ठिकाणी बोट ठेवून विचारावे.

काम झाल्यावर एक वही करा. दर महिन्याची युनिटे तिच्यात लिहा, आणि शेजारी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याची. मे महिन्याची तुलना मेशीच करावी. उन्हाळ्याची हिवाळ्याशी केली तर काहीच कळत नाही. नेट मीटर लागल्यावर पहिल्या बिलात घेतलेली युनिटे आणि दिलेली युनिटे असे दोन आकडे यायला हवेत. दिलेल्याच्या जागी शून्य दिसले, तर थांबू नका. मीटरवरचा आकडा मोबाईलमध्ये टिपून घ्या, आणि बिल व नेट मीटरच्या मंजुरीचा कागद घेऊन निलंग्याच्या महावितरण कचेरीत लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. तिथे काम झाले नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तिकडे जाताना ती पोच आणि ती वही बरोबर न्यावी.